दुरुस्तीचे तीन लॅटिन शब्द

"कोरिजेरे झालं. एमेंदारे कुठं हाय?"

दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू दाखवा, आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करणार आणि मग हेच विचारणार.

लहानपणी ते पाद्र्यांच्या बोर्डिंगात होते. तिथून त्यांनी गेवराईकडच्या आमच्या गावात लॅटिनचे तीन शब्द आणले. कोरिजेरे म्हणजे वाकडं सरळ करणं. एमेंदारे म्हणजे मुळातला दोष काढणं. मेलिओरारे म्हणजे होतं त्याहून चांगलं करणं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यासमोर कुठलंच काम पुरं होत नाही. दुधाच्या कॅनचं झाकण मी तारेनं आवळलं, की ते तार सोडून ठेवायचे. चहावाला मुद्दाम विचारी, "सेक्रेटरी, चहा साधा देऊ का मेलिओरारे?"

"आधी गाळणी एमेंदारे कर," ते न हसता म्हणत.

दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी चालवली. जनावरांना पाणी पाजायला एकच हौद, आणि त्याच्या तळाला भेग. टँकर एक दिवसाआड यायचा. माझ्या हिशेबानं त्यातलं पाव पाणी जमीनच प्यायची. माझी गाय गाभण, दिवस भरत आलेले. मी म्हणालो, चिकणमाती लिंपा, काम भागेल. सेक्रेटरींनी नकारार्थी मान हलवली.

टँकरच्या दिवशी सकाळी गेलो, तर सेक्रेटरी हौदात उकिडवे बसून छिन्नीनं ती भेग आणखी रुंद करत होते.

"आजच कावून?" मी ओरडलो.

"हौद आजच रिकामा हाय."

भेगेत सिमेंट भरून होतंय तोवर टँकर आला. "दुपारून ये," सेक्रेटरी ड्रायव्हरला म्हणाले.

"दुपारी मी तलवाड्यात असंन. भरायचं तर आत्ता भरा."

"ओल्या सिमेंटवर पाणी सोडू देणार न्हाई."

टँकर भरलेलाच परत गेला. दिवसभर छावणीत हंबरणं थांबलं नाही. आणि सेक्रेटरी? सिमेंटवर पोती अंथरून तांब्यानं भिजवत बसलेले!

"जनावरं तहानली अन् तुमी सिमेंटला पाणी पाजता?"

त्यांनी पोत्यांवर आणखी एक तांब्या ओतला.

दिवस मावळताना ते हंडा घेऊन आले. मागून त्यांची बायको कळशी घेऊन. "घरातलं समदं पाणी काढलं," ती मला म्हणाली. "आता आमी काय लॅटिन प्यावं का?"

त्यांनी हंडा माझ्या गाईपुढे बादलीत रिकामा केला.

"ह्याला काय म्हणायचं?" मी चिडूनच विचारलं.

"निस्तं कोरिजेरे," ते खाली बघत म्हणाले. "टँकर मी घालवला."

कळशी शेजारच्या बैलाला गेली. त्यांचं पाहून गावातून आणखी हंडे आले. गाय सुखरूप व्याली. माझा राग मात्र बरेच दिवस गेला नाही.

हौद त्यानंतर थेंबभरही गळला नाही. काठी टाकून मी स्वतः पाण्याची पातळी पाहायचो. पण पुढं टँकरच येईनासा झाला आणि छावणी उठली. सेक्रेटरींना लेकीनं बीडला नेलं. ते तिकडेच वारले.

यंदा पुन्हा पाऊस नाही. छावणीसाठी हेलपाटे घालून मी थकलो. काल त्या हौदात उतरून तळावर पेरानं टकटक केली. भरीव आवाज आला. एमेंदारे झालेला हौद कोरडा पडलाय, आणि घरातला हंडा घेऊन कुणी येत नाही.