अनवधानाने म्हणजे काय?

माझ्या आईचा उजवा हात कोपरापासून वाकडा आहे. तो मोडला तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि पाठीला दप्तर लावून तिच्यापासून चार हात अंतरावर उभी होते.

आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला नेवासा तालुक्यात यायचे आणि सोनईजवळ पाचटाची कोपी घालून राहायचे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तिथं गणती असते. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. मीही मोळ्या बांधाव्यात असं बापाचं म्हणणं. आईनं मात्र मला जवळच्या गावात शाळेत, चौथीत बसवलं. त्यावरून तो तिला मारायचा. मलाही मारायचा, पण मला हातानं. तिला मात्र हाताला लागेल त्यानं: उसाचं टिपरू, रिकामी कळशी, एकदा चुलीतलं जळतं लाकूड. शेजारच्या कोप्यांतली माणसं तेव्हा जेवत असायची. कोणी ताटावरून उठायचं नाही.

शाळेत मी ‘आमी’, ‘हुतं’ असं बोलायचे, पोरं हसायची. एका मुलीनं माझी नक्कल केली तेव्हा मी तिच्या तोंडावर पाटी मारली. तिचा ओठ फुटला. घरून मी तेवढंच शिकून आले होते. बाईंनी मला मारलं नाही. त्या मुलीसमोर बसवलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. ती काय म्हणाली, मला कसं वाटलं, मग मी काय केलं. मला रडू आलं, वाक्य येईना. मार खाणं त्यापेक्षा सोपं होतं. त्यानंतर मधल्या सुट्टीत बाई मला वर्तमानपत्र वाचायला द्यायच्या. अडलेला शब्द गिळून पुढं गेलं की त्या थांबवायच्या. विचारल्याशिवाय पुढची ओळ नाही, असा त्यांचा नियम होता.

त्या सकाळी मी शाळेला निघाले होते. बाप म्हणाला, आज फडात यायचं. आई चुलीपुढून उठली आणि माझ्या आड उभी राहिली. “ती साळंला जाईल,” ती म्हणाली. एवढंच. बापाच्या हातात कोयता होता. पहिला वार मुठीकडून तिच्या खांद्यावर बसला. दुसरा अडवायला तिनं हात वर केला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती खाली बसली. बाप थांबला. त्यानं कोयता हातात फिरवून, पातं पुढं येईल असा, नीट उलटा धरला आणि तिसरा वार तिच्या डोक्यात घातला. रक्त तिच्या डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत आलं. मी किंचाळले की नाही, मला आठवत नाही.

शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं टेम्पो थांबवला. सरकारी दवाखान्यात आईच्या डोक्याला टाके पडले, हाताला प्लास्टर चढलं. तिथून आम्हाला पोलीस ठाण्यात नेलं. बाप आधीच बाकावर बसला होता, शेजारी आमच्या टोळीचा मुकादम. ऐन हंगामात जोडी मोडली तर मुकादमाचं काम अडणार, म्हणून तो हवालदाराशी हळू आवाजात बोलत होता. हवालदारानं आईला विचारलं, तिनं सगळं सांगितलं. तो लिहीत राहिला. मग त्यानं कागद फिरवून शाईचा डबा पुढं केला. आईला लिहितावाचता येत नव्हतं. उजवा हात प्लास्टरात, म्हणून तिनं डावा अंगठा शाईवर टेकवला.

मी तिच्या बगलेत उभी होते. कागद माझ्या नाकासमोर होता. त्यावर लिहिलं होतं, ‘किरकोळ बोलाचालीत पतीचा हात अनवधानाने लागल्याने माझा तोल जाऊन मी पडले.’ सगळी अक्षरं मला आली. एक शब्द आला नाही.

“अनवधानाने म्हणजे काय?” मी विचारलं.

हवालदारानं मान वर केली नाही. मी पुन्हा विचारलं.

“चुकून,” तो म्हणाला.

आईचा अंगठा कागदाच्या वर तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला ती ओळ पहिल्यापासून वाचून दाखवली. मग हवालदाराला म्हणाले, “चुकून नाही. तीनदा मारलं. दोनदा मारून ते थांबले, कोयता उलटा केला आणि मग डोक्यात मारलं.”

बाप बाकावरून कधी उठला ते कळलं नाही. त्यानं माझे केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली आणि जबाबाच्या कागदावर पडली. हवालदार आणि मुकादमानं त्याला ओढून भिंतीला दाबून धरलं. आईनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसून टाकला.

हवालदारानं तो कागद चुरगळून नवा घेतला. या वेळी तो एक वाक्य लिहायचा, मोठ्यानं वाचायचा आणि आईकडं बघायचा. आई “व्हय” म्हणाली की पुढचं वाक्य. खाली तिनं अंगठा दिला. बापाला आत ठेवलं.

मामा आम्हाला त्याच्या गावी घेऊन गेला. घरात शिरल्याबरोबर आईनं डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. सुजलेल्या नाकावर ती इतकी लागली की मी खाली बसले. “आता आपुन कुठं ऱ्हायचं?” ती म्हणाली आणि माझ्याच शेजारी बसून रडली. आठ दिवसांनी तिनं मला तिथल्या शाळेत घातलं.

बाप जामिनावर सुटून एकदा तिथं आला. मामानं आणि गल्लीतल्या माणसांनी त्याला दारातच लाथाबुक्क्यांनी तुडवलं. त्याचे दात पडलेले पाहून मला बरं वाटलं. ते आठवून आजही मला म्हणावी तशी लाज वाटत नाही. पण आई मध्ये पडली. मामाचा हात धरून ती म्हणाली, “पुरं. मला काय सांगायचंय ते मी कोर्टात सांगन.”

तो उठला, तोंडावरचं रक्त शर्टाला पुसून एसटी स्टँडकडं चालत गेला. केस बरीच वर्षं चालली. आईनं एकही तारीख चुकवली नाही. साक्षीला उभी राहिली तेव्हा समोरच्या वकिलानं तिला तीन-तीनदा तेच विचारलं. ती आमच्याकडच्या बोलीतच, न अडखळता, सांगत राहिली.