रुळांवरची रांगोळी

१७ ऑक्टोबरला माळ्यावरची खोकी खाली काढून पुसायची होती. त्यांत नवऱ्याच्या छोट्या आगगाड्या आहेत: इंजिनं, डबे, रूळ, सिग्नल, पत्र्याची स्टेशनं. नवरा मे महिन्यात गेला. पुण्यातला माझा भाचा अशा गाड्या जमवणाऱ्यांपैकी आहे. भाऊबीज झाली की येतो आणि सगळं घेऊन जातो, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. मागची खोली मोकळी हवी होती. कशासाठी हवी होती, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मे महिन्यापासून माझं सगळं असंच चाललं होतं. समोर येईल ते उरकायचं. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मी चहा टाकायला उठायचे.

दर रविवारी सकाळी नवऱ्याकडे दोघं यायचे. एक मालगाडीवरचे निवृत्त गार्ड, मूळचे उंब्रजकडचे, आता सांगलीत मुलाकडे असतात. दुसरा हळदीचा व्यापारी, नवऱ्याचा शाळेतला मित्र. आधी तिघं रेल्वे गेटाजवळ उभे राहून खऱ्या गाड्या बघायचे, मग मागच्या खोलीत टेबलावर स्वतःच्या चालवायचे. लाइनीवर विजेच्या तारा आल्या आणि डिझेल इंजिनं दिसेनाशी झाली, तेव्हा तिघांनी घरात माणूस गेल्यासारखी तोंडं केली होती. मी हसले होते.

व्यापाऱ्याला दुकान आहे, नातवंडं आहेत. गार्डसाहेबांना रविवार तेवढा होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात दिवसभर सुनेच्या मालिका चालू असतात. नवरा गेल्यावरही ते येत राहिले. बाहेरच्या खोलीत बसायचे, पेपर चाळायचे, जायचे. भाच्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "व्हय, बरोबर हाय. पडून गंजण्यापरीस बरं." त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले. गाड्या गेल्या की त्यांना ह्या घरी यायला कारण उरणार नव्हतं. हे मला दिसत होतं. दिसून काही वाटत नव्हतं.

गल्लीतली मुलं दिवाळीचा किल्ला आमच्याच अंगणात करतात, कारण नळ तिथं आहे. किल्ल्याभोवती नवऱ्याची गाडी फिरायची आणि दोन-तीन गल्ल्यांतली माणसं बघायला यायची. यंदा घरात दुखवटा, फराळ नाही, आकाशकंदील नाही. मुलं दारात येऊन घुटमळली. मी काही बोलायच्या आत बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसलेले गार्डसाहेब म्हणाले, "किल्ल्याला कसलं सुतक, वहिनी? शेवटची एक फेरी हू द्या की."

खोकी तशीही उघडायचीच होती. मी हो म्हटलं.

किल्ल्याचा कारभार गार्डसाहेबांनी हातात घेतला. मातीत अळीव पेरतात, चार दिवसांत हिरवळ येते. नवरा रुळांच्या दोन्ही बाजूंना विटांचा चुरा टाकायचा आणि तिथं एक दाणा पडू द्यायचा नाही. गार्डसाहेबांनी मुठीनं पेरलं, रुळांपर्यंत. वर रोज पाणी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगण भरलं. रुळांतून वीज जाते, ती जोडणी मी केली. इतकी वर्षं नवऱ्याला बॅटरीचा उजेड दाखवत शेजारी उभी राहिले होते, तेवढं येतं. गार्डसाहेबांनी खरी शिट्टी वाजवली, खरा हिरवा झेंडा दाखवला. डिझेल इंजिन निघालं, एक फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत महादरवाज्यापाशी चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"गार्डसाहेब, गाडी लेट," व्यापारी म्हणाला. "अनाउन्समेंट करा. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल."

"गप रं. चढ हाय तिथं."

चढ नव्हता. मी वाकून बोट फिरवलं. न रुजलेले दाणे पाण्यानं फुगून रुळांवर आले होते आणि त्यांचा बुळबुळीत चिकट थर बसला होता. खिरीला अळीव भिजवतो तेव्हा होतं तसं. मी फडकं आणायला आत गेले.

तेवढ्यात गार्डसाहेबांनी आपल्या नोकरीतला उपाय केला. घाटात पावसाळ्यात चाकं घसरली की इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात. इथं वाळू नव्हती. शेजारच्या मुलीचा रांगोळीचा डबा होता. मी फडकं घेऊन बाहेर आले तेव्हा चिमटीचिमटीनं रांगोळी टाकून झाली होती आणि इंजिन तिच्यावरून जात होतं. आधी जोरात पळालं. लोकांनी टाळ्या दिल्या. मग आतून दळल्यासारखा आवाज आला आणि ते थांबलं.

मी वीज बंद केली. इंजिन उलटं केलं. दातेरी चाकांत पांढरा रवा भरला होता.

"दळण काढलंसा की," व्यापारी म्हणाला. कुणी हसलं नाही, तोही नाही.

माणसं पांगली. गार्डसाहेब पायरीवर बसले, झेंडा गुंडाळत. शेजारणीनं आणून दिलेल्या चकल्यांची ताटली मी पुढं ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"वहिनी, पाठवून द्या समदं पुण्याला. माझ्या हातात ऱ्हाया नगो. त्याचं इंजान हुतं ते."

मला राग यायला हवा होता, किंवा वाईट वाटायला. इंजिन पदरानं पुसत मी एवढाच विचार केला, की रांगोळी ओली आहे, वाळली तर दगड होईल. "चकली खा," मी म्हटलं. "आणि घरी फोन करून सांगा उशीर झाला म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर पसरून इंजिन उघडलं. जुना टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल. बरीच रांगोळी निघाली. एक चाक अडकलेलंच राहिलं. ते काढायचं तर एकानं सांगाडा दाबून धरावा लागतो आणि दुसऱ्यानं स्क्रू फिरवावा लागतो. भाच्याला फोन केला की येऊ नकोस, नादुरुस्त वस्तू मी कुणाला देत नाही. तो म्हणाला, आम्ही करू की दुरुस्त. मी नको म्हटलं.

मग गार्डसाहेबांना फोन लावला. त्यांच्या सुनेनं उचलला. तिला सांगितलं, त्यांना पाठव, रविवारपर्यंत थांबू नका म्हणावं, आणि चष्मा आणा.