शिट्टीवाल्याचा मोतीबिंदू

गुरुवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी जीप धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टोकाला वळली, तेव्हा शिट्टीवाले काका मागच्या हौद्यात गजाला धरून उभे होते. पहिलं विमान उतरायच्या आत धावपट्टीवरची कुत्री, टिटव्या आणि घारी हाकलायच्या, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं ते हेच करत आले आहेत. त्यातली शेवटची चार वर्षं त्यांना कुत्री दिसत नाहीत. घारींचा तर प्रश्नच नाही.

कामात मात्र खंड पडलेला नाही. जीपचा ड्रायव्हर पाठीमागच्या काचेवर टकटक करतो. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. काका त्या बाजूला तोंड करून जोरात शिट्टी फुंकतात आणि कुत्री पळतात. शिट्टी वाजवणाऱ्याला आपण दिसतो की नाही, याची चौकशी कुत्री करत नाहीत. ‘आंधळं दळतंय, पण निदान कुत्रं तरी पीठ खात नाहीये,’ असं ड्रायव्हर वरचेवर म्हणतो. काका हसतात. डोळे त्याचे वापरायचे म्हटल्यावर त्याचे विनोदही ऐकून घ्यावे लागतात.

नियमाप्रमाणे सगळ्या कर्मचाऱ्यांची नजर दरवर्षी तपासली जाते. अक्षरांचा तक्ता प्रथमोपचाराच्या खोलीत आहे. चहाची किटलीही तिथेच असते आणि बाक बरोबर तक्त्यासमोर. दिवसातून दोनदा त्या तक्त्याकडे बघत चहा प्यायला की तो पाठ होतो. पुढे तो वाचायला डोळे लागत नाहीत. काका शेवटची ओळ उलटीसुद्धा म्हणून दाखवतात. मॅनेजरसाहेब कप बाजूला ठेवून ‘नजर उत्तम’ असा शेरा लिहितात आणि सही करतात.

आठवड्यापूर्वी या विमानतळावर नेत्रविमान आलं. बाहेरून इतर विमानांसारखंच. आत प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी ऑपरेशनचं टेबल, मोठं भिंग आणि हिरव्या कपड्यांतले डॉक्टर. या भागात महिन्यातून एका मंगळवारी डोळ्यांचे एक डॉक्टर येतात, चष्म्याचे नंबर काढतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. मोतीबिंदूसाठी नऊ तासांचा रस्ता आहे. तो नीट करण्यापेक्षा दवाखाना उडवत आणणं सोपं पडत असावं. मॅनेजरसाहेबांनी स्वागतासाठी रस्त्याकडेचे दगड पांढरे रंगवून घेतले आणि भाषण केलं. हे विमान उतरताना धावपट्टी मोकळी ठेवण्याचं काम दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या माणसाने केलं, एवढा तपशील भाषणात राहून गेला.

तपासणीची सुरुवात आपल्याच लोकांपासून करायची, ही कल्पनाही साहेबांची. सगळ्यांची नजर उत्तम असलेला विमानतळ फोटोत चांगला दिसला असता. सोमवारी आठ कर्मचारी रांगेत उभे राहिले. काकांचा नंबर दुसरा. ते स्टुलावर बसले, एक डोळा झाकला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुठेही न अडखळता म्हणून मोकळे झाले.

विमानातल्या नर्सने त्यांना पूर्ण म्हणू दिलं.

“छान पाठ आहे,” ती म्हणाली. “आता माझ्या तक्त्यावर काय आहे ते सांगा.”

तिच्या तक्त्यावर अक्षरं नव्हतीच. तीन दातांच्या काट्यासारखी एकच खूण वेगवेगळ्या दिशांना वळवलेली होती आणि दात कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं होतं. काकांनी थोडा विचार केला.

“तो कुठे लावलाय?” त्यांनी विचारलं.

मागे उभ्या असलेल्या सहा जणांना एकदम आपापली तातडीची कामं आठवली. फोटो झाला नाही.

नर्सने दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारून बघितली. उजवा वर्षभर थांबेल, डावा थांबणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू इतका पिकलाय की आत दाब वाढायला लागलाय. अजून काही महिने गेले तर डोळा कायमचा जाईल, आणि मग कुठलंच विमान कामाचं नाही. यादी चाळीस जणांची होती आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती. नोकरीतल्या माणसाला वरिष्ठांचं पत्र लागत होतं.

वरिष्ठ म्हणजे मॅनेजरसाहेब. ‘या कर्मचाऱ्यास दिसत नाही’ असं पत्र त्यांनी लिहायचं, तर त्यावरची सही ‘नजर उत्तम’खालच्या चार सह्यांशी तंतोतंत जुळणार. साहेबांनी तीन दिवस विचार केला आणि काकांना आठ महिन्यांनी येणाऱ्या निवृत्तीची आठवण करून दिली. मग करा की निवांत, असा त्यांचा सल्ला होता. कुठे करायचं, हे काकांनी विचारलं. त्यावर साहेबांना फोन आला.

म्हणून गुरुवारी साडेदहाला काकू काकांना घेऊन साहेबांच्या ऑफिसात आल्या. त्या पोस्टात टपाल वेगळं करतात. दिवसभर लोकांची अक्षरं लावायची सवय असल्यामुळे बोलणं मुद्द्याचं. काकांना बाजूच्या खुर्चीत बसवून त्या उभ्याच राहिल्या.

“साहेब, उद्यापासून मी यांना कामावर पाठवत नाही. का पाठवत नाही ते लेखी देते. तुमच्याकडे देऊ, की त्या विमानाच्या वैमानिकाकडे? शनिवारी त्यांना याच धावपट्टीवरून उडायचंय.”

साहेबांनी चहा मागवला. काकूंनी नको म्हटलं. काका मध्येच म्हणाले, “अहो, साहेबांना त्रास कशाला...”

“तुम्ही गप्प बसा. चार वर्षं बसलात तसे.”

सव्वाअकराला साहेबांना तोडगा सुचला. पत्र फक्त नोकरीतल्या माणसाला लागतं. त्यांनी स्वतःच फॉर्म ओढून घेतला, ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘माळी’ असं लिहिलं आणि नोकरीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

“बाग कुठाय यांची?” काकूंनी विचारलं.

“होईल,” साहेब म्हणाले.

बाराला दहा कमी असताना फॉर्म नर्सच्या टेबलावर गेला. तिने ‘माळी’ वाचलं, काकांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघितलं आणि यादीत एकोणचाळीस नंबर घातला.

शुक्रवारी अकरा वाजता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पंचवीस मिनिटांत. हजेरीपटावर काका त्या वेळी धावपट्टीवर होते. प्रत्यक्षात ड्रायव्हर एकटाच एका हाताने स्टेअरिंग धरून शिट्टी वाजवत फिरत होता. संध्याकाळी भेटायला आल्यावर त्याने कबुली दिली की आपल्या फुंकण्याला कुत्री मोजत नाहीत. दोन जण तर धावपट्टीवरच बसून राहिले.

“मग काय केलंस?” काकांनी विचारलं.

“उतरलो आणि हाताला धरून नेल्यासारखं नेलं.”

काका प्रतीक्षागृहात लावलेल्या खाटेवर उताणे पडून होते. हसू नका, असं नर्सने बजावलं होतं, ते त्यांनी जेमतेम पाळलं. काकू डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहीत होत्या.

माळ्याला महिनाभर मातीत हात घालायला मनाई आहे. शिट्टी फुंकण्याबद्दल फॉर्मवर काही विचारलेलं नसल्यामुळे सूचनाही नाही. काकूंनी ते नर्सला खासगीत विचारून घेतलं: दोन आठवडे अजिबात नाही.

उद्या सकाळी सव्वासातला नर्स काकांच्या डोळ्यावरचं बँडेज काढणार आहे आणि त्यानंतर यादीतल्या चाळिसाव्या बाईंचं.