भिंतीवरच्या दाराची चौकट

‘हे चित्र मुंबईहून आलेल्या कुणा अज्ञात चित्रकाराने काढले. पनवेलशी त्याचा काही संबंध नव्हता.’ दर रविवारी आमच्या गल्लीत वारसा-फेरी घेऊन येणारा तरुण मार्गदर्शक हे ऐकवतो आणि मंडळी माना डोलावतात. येत्या रविवारी हेच वाक्य कोरलेली पाटी चित्राखाली बसणार आहे. मी असेपर्यंत ती बसणार नाही.

चित्र आहे एका दाराचे, पुरुषभर उंचीचे. अर्धवट उघड्या दारातून पनवेलची खाडी दिसते आणि शिडे उतरवलेली गलबते. ज्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर ते आहे, तिथे आमचे चित्रकलेचे सर राहत. सर बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेले ज्यू. मराठी माझ्याहून शुद्ध. पुढे सारे कुटुंब इस्रायलला गेले आणि घर विकले गेले.

माझ्या हाताला रेघ दिली ती त्यांनी. सुट्टीत ते मला एस.टी.ने उरणला आणि तिथून मोरा बंदरावर नेत. ओहोटीच्या चिखलाला एकच रंग नसतो, हे मी तिथे शिकलो. एकदा मासळी निवडणारी कोळीण म्हणाली, ‘मास्तर, कागदावरची होडी तरंगाची नाय.’ मान वर न करता सर म्हणाले, ‘बुडायची पण नाही, बाई.’ आयुष्यात मी जे काही नीट पाहिले, ते या माणसाने पाहायला बसवले म्हणून.

सरांच्या घराच्या खऱ्या दाराला, उजव्या चौकटीवर, एक लांबट डबी तिरकी ठोकलेली असे. आत प्रार्थनेचा लेख. येता-जाता ते तिला बोटे लावून ओठांशी नेत. भिंतीवरचे हे दार त्यांनी माझ्यासमोर रंगवून पुरे केले, तेव्हा त्याच्या चौकटीवरही त्यांनी तशीच डबी रंगवली आणि जाता-येता तिलाही बोटे लावू लागले. मी हसलो. ‘दार दिसलं की हात जातो रे,’ ते म्हणाले.

गेल्या रविवारी हे सारे मी त्या मार्गदर्शकाला सांगितले.

‘आजोबा, आठवण सुंदर आहे. पण पुरावा?’

‘भिंतीवर आहे. तुम्ही त्यालाच पाठ टेकून फोटो काढता.’

तो वळला. बाकी चित्राचा रंग आजही शाबूत आहे. फक्त उजव्या चौकटीवरची ती तिरकी डबी बोटांनी झिजून तिच्याखालचा चुना दिसतो.