मामाच्या वजनाचा भाचा

माझ्या मामाइतका सरळ माणूस अख्ख्या काळाचौकीत नाही, आणि त्याच्या गाडीइतकी वाकडी चाकं अख्ख्या मुंबईत नाहीत. वाकडी करणारा अर्थात तोच. जन्मभर लोकांचे दात सरळ केले आणि दवाखाना बंद केल्यावर चाकांच्या मागे लागला. गाडी छोटी, लाल. इंजिन दांडगं आणि सगळी ताकद पुढच्या चाकांत. "त्यांनीच ओढायचं, त्यांनीच वळायचं, अगदी घरातल्या बाईसारखं! म्हणून त्यांना सांभाळून घ्यावं लागतं," मामा म्हणायचा. मामी नुसती बघायची. सांभाळून घ्यायचं म्हणजे चाकांचे माथे किंचित आत झुकवायचे, पुढच्या कडा केसभर बाहेर उघडायच्या आणि पुन्हा पुन्हा मोजत बसायचं. पावसाळा सरला की शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी मंडळींच्या शर्यती होतात. तिथल्या शेवटच्या वळणावर गाडीचं नाक दरवर्षी बाहेर पळायचं. ते वळण एकदा तरी आतून चिकटून घ्यायचं, एवढाच मामाचा ध्यास.

मोजमाप चाळीच्या चौकात, गणपतीचा मांडव घालतात तिथे. तेवढीच जमीन सपाट. गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणलेली. चाकं सहज फिरावीत म्हणून प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन लाद्या आणि त्यांच्यामध्ये कॅरमची पावडर. "काका, आमची पावडर!" वरून कॅरमवाले ओरडायचे. "जिंकलो की अख्खा डबा आणतो!" त्यामुळे चाळीतला कॅरम कायम खरखरीतच राहिला.

पण सगळ्यात मोठं अवजार म्हणजे मी. मोजताना चालवणाऱ्याचं वजन सीटवर हवं, आणि मामा तर चाकापाशी ओणवा. म्हणून सीटवर भाचा. माझं वजन त्याच्याइतकंच राहावं म्हणून त्यानं माझ्यावर कायमची पाळत ठेवली. लग्नात जिलबीकडे हात गेला की पंगतीतून गर्जना व्हायची, "वळण आठव!" जरा वाळलो की मामीचे तुपातले लाडू घरपोच. हा देह नक्की कुणाचा, असं माझ्या बायकोनं एकदा स्पष्टच विचारलं होतं.

यंदा मामा आजारातून उठला तो निम्मा होऊन. त्याचं वळण आता राहूनच जाणार, या विचारानं मला गलबलून आलं. चौकात म्हटलं, "मामा, तू केवढा हडकलायस रे. माझ्याऐवजी तांदळाची छोटी गोणी ठेवू या."

"गप बस सीटवर. हलू नकोस!"

धावपट्टीवर आमचा नंबर आला. मी त्याच्यासाठी दार उघडून धरलं, तर हा वळसा घालून डावीकडे जाऊन बसला!

"अरे, चालवायची कुणी?"

"तुझ्या वजनाला लावलीय गाडी. माझं आता कसलं वजन? चल, हेल्मेट घाल!"

काय सांगू! शेवटचं वळण आलं, मी स्टिअरिंग फिरवलं आणि नाक थेट आत! गाडी कडेला चिकटून अशी वळली, की मीच किंचाळलो. शेजारी मामा मांडीवर थापा मारत ओरडत होता, "पळालं नाही रे! नाक पळालं नाही!" आमचा नंबर कितवा आला, हे आम्ही दोघंही विचारायला विसरलो.

परतताना लालबागला त्यानं गाडी थांबवायला लावली आणि चिवड्याचा भलामोठा पुडा आणून माझ्यापुढे धरला. "खा." जन्मात पहिल्यांदा!

मी पुडा त्याच्याच मांडीवर ठेवला. "तू खा, मामा. पुढच्या वर्षी गाडी तुझ्या वजनाला लावायचीय."

त्यानं पुडा उघडला. खिडकीबाहेर बघत, एकेक शेंगदाणा वेचून, घर येईपर्यंत सावकाश चावत राहिला.