दांड्यावरची टोपी

दांड्यावर टोपी असली की दांड्याला हात लावायचा नाही. आमच्या मिलमध्ये हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडल्याचं मी कधी ऐकलं नाही. साच्याखाली, म्हणजे मागाखाली, किंवा दुसऱ्या यंत्राच्या पोटात कोणी दुरुस्तीला शिरला, की पट्टा सरकवायच्या दांड्यावर तो आपली टोपी अडकवून जायचा. टोपी तिथे आहे म्हणजे माणूस आत आहे. ज्याची टोपी त्यानेच बाहेर येऊन ती काढायची. सगळी यंत्रं ज्याच्यावर चालत तो वरचा शाफ्ट दिवसभर फिरतच असायचा, एका माणसासाठी तो कोण थांबवणार? म्हणून सगळा भरवसा टोपीवर.

माझे वडील साचेखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान पार गेले होते. माझा थोरला भाऊ त्याच मिलमध्ये फिटर, आणि मी वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात, वीस वर्षांची. मिलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे आम्ही एकमेकांचे ओठ वाचायचो. माणूस लांब असला तर हाताच्या खुणा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली, की साचा बंद कर. घरातही बाबांशी तसंच बोलायचं, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा बिनआवाजाची व्हायची. शेजारच्या काकूंना वाटायचं, यांच्याकडे किती शांतता! डोंबलाची शांतता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गोळीबार झाल्यापासून मिल कधी बंद, कधी चालू. दादा प्रत्येक मोर्चात पुढे असायचा. आमच्या चाळीतला एक तरणाताठा माणूस सकाळी चहा पिऊन मोर्चाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. बाबांनी ओळखीतल्या एका शेठचं वरळीचं काम आणलं आणि दादाला सांगितलं, मिल नीट सुरू होईपर्यंत रोज माझ्याबरोबर यायचं. पोराला गोळीपासून लांब ठेवायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

वरळी कोळीवाड्याच्या अलीकडे, अगदी समुद्राला लागून, साहेब लोकांचं एक मौजमजेचं ठिकाण होतं. साहेब गेले, खोल्यांना कुलपं लागली, बागेत गवत माजलं. आवारात सिमेंटचं भलंमोठं तळं होतं. त्यात भरतीचं पाणी घ्यायचं आणि यंत्राने लाटा उठवायच्या. भिंतीपलीकडे खरा समुद्र फुकटात लाटा मारत असताना! कोळणी त्या तळ्याला खोटा दर्या म्हणायच्या. एकीने मला विचारलंही होतं, "साहेबाला खऱ्या दर्याचं भ्या होतं काय गो?"

तळ्याच्या खोल टोकाला एक खड्डा होता, त्यात तळ्याएवढा रुंद लोखंडी फळा बिजागऱ्यांवर उभा. काठावर मोटर, मोटरवरून पट्टा, पट्ट्याने फिरणारं मोठं चाक. चाक फिरलं की फळा पुढे झुकायचा आणि तळ्यात लाट उठायची. मग तो मागे यायचा तेव्हा फळा आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरायची. तळाशी, फळ्याच्या मागे झिरपणारं पाणी काढायला एक चर होता, माणूस कुशीवर झोपेल एवढा. साहेब गेल्यापासून कोणी हात न लावल्यामुळे गंज, शिंपले आणि चिखल यांनी सगळं धरून टाकलं होतं. शेठला ते विकायचं होतं, आणि गिऱ्हाईक यायच्या आत ते हलतं करून दाखवायचं होतं.

बाबांनी आणि दादाने मिलसारखंच काम लावलं. सकाळी मोटर सुरू करायची ती संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही, यंत्र थांबवायचं तर दांडा ओढून पट्टा रिकाम्या पुलीवर घ्यायचा, म्हणजे मोटर चालू राहते आणि चाक थांबतं. दुसऱ्या कोणी आधी मोटर बंद केली असती आणि मग खड्ड्यात पाय टाकला असता. आमच्या माणसांना ते सुचलंच नाही. त्यांच्यासाठी मोटर म्हणजे मिलचा शाफ्ट, तो फिरायचाच. दादा उघड्या डोक्याने हिंडणारा, पण एक काळी टोपी तो खिशात बाळगायचा, खास दांड्यासाठी.

मंगळवारी त्याने एक उपद्व्याप केला. टोपी दांड्यावर अडकवली आणि बाबा तेलाचा डबा आणायला वळले तसा भिंतीवरून उडी मारून दादरच्या मोर्चाला गेला. बाबा परत आले, टोपी बघितली आणि बसून राहिले. खड्ड्यातून काही हालचाल दिसेना, तरी दांड्याला हात लावला नाही. चार तास. संध्याकाळी दादा भिंतीवरूनच आत आला आणि हसत टोपी काढून घेतली. बाबांचे ओठ एवढंच म्हणाले, "टोपयेशी खेळू नको." घरी दादाने मला सगळं रंगवून सांगितलं आणि मी पोट धरून हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

गुरुवारी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन परळहून चालत निघाले. बसचा भरवसा नव्हता. वाटेत दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं, एका ठिकाणी डबा उघडून भाकरी उलटीपालटी करून बघितली. ऊन मी म्हणत होतं. पोचले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं आणि बाहेरच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता. घोषणा थेट तळ्यापर्यंत येत होत्या. आदल्या दिवशीच दादा मला म्हणाला होता, "उद्या मोर्चा तळ्याच्या फाटकावरसून जातलो. बघूया माका कोण अडवता."

बाबा दांड्यापाशी उभे होते. दांड्यावर टोपी होती. मोटर घरघरत होती. मला बघून त्यांनी ओठांनी विचारलं, "दादा खय?" ते शेठच्या माणसाला भेटायला फाटकापर्यंत गेले होते, परत आले तर हा नाही. काठावरून फळ्याची पाठ तेवढी दिसत होती.

दोन पावलं पुढे जाऊन, वाकून मी खड्ड्यात बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. मला राग आला होता, त्याचा आणि उन्हाचा आणि भाकरी चिवडणाऱ्या पोलिसाचा. मी आवाज न काढता, ओठांनीच, अगदी स्वच्छ सांगितलं, "टोपी अडकवून मोर्चाक गेलो आसतलो. परवासारखो."

बाबांनी माझं बोलणं वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे मोर्चात शिरून त्याला कानाला धरून आणणार. तसं काही झालं नाही. त्यांनी हात वर केला आणि टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली. मी डबा घेऊन तळ्याच्या उथळ टोकाकडे चालू लागले, तिथे झाडाची सावली होती.

माझ्या पाठीमागे पट्टा सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर इतकी वर्षं पडून राहिलेला तो फळा करकरत पुढे झुकला आणि हिरव्या पाण्यातून एक लाट उठून माझ्याकडे आली. मला ती आवडली. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी खूश झाले, की दादा नाही तरी यंत्र चाललं.

मग झाडाखाली मला दादाचा सदरा दिसला. नीट घडी घातलेला, त्यावर चपला ठेवलेल्या.

उघड्या अंगाने आणि अनवाणी मोर्चाला कोण जातं?

मी किंचाळले. बाबांची पाठ माझ्याकडे होती, नजर चाकावर. फळा मागे आला, पुन्हा पुढे गेला. मी काठाने धावत सुटले. काठावर शेवाळ होतं, एकदा गुडघ्यावर आपटले, उठले. चाक फिरतच होतं. वाइंडिंगमध्ये लांबच्या बाईचं लक्ष वेधायचं तर आम्ही तिच्या अंगावर सुताची रिकामी कांडी फेकायचो. हातात डबा होता, तोच फेकला. तो बाबांच्या पाठीत बसला. ते वळले आणि मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली.

दांडा त्यांनी कधी ओढला ते मला दिसलंच नाही, इतका चटकन. चाक पाच वेळा फिरलं होतं. मी मोजत नव्हते, पण आकडा डोक्यात राहिला.

दादा चरात कुशीवर पडलेला होता, चिखलात अर्धा बुडालेला. फळा हलताच त्याने अंग खाली टाकलं होतं, म्हणून जीव वाचला. डावा हात मात्र बिजागरीवर राहिला. दोन बोटं गेली होती.

कोळीवाड्यातल्या माणसांनी हातगाडी दिली. परळच्या इस्पितळात न्यायचं तर मोर्चातूनच जावं लागत होतं. रक्ताने भरलेला माणूस गाडीवर बघून लोकांना वाटलं, पोलिसांनी मारला. त्यांनी वाट करून दिली, घोषणा आणखी चढल्या, कोणीतरी दादाच्या अंगावर झेंडूचा हार टाकला. बाबा मान खाली घालून गाडी ओढत होते. त्यांना त्या घोषणा ऐकू येत नव्हत्या, हे एक बरं झालं.

इस्पितळात दादाला शुद्ध आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो बाबांना. "टोपी दिसली नाय तुमका?"

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाय. नाय दिसली."

मी खाटेवरची चादर नीट करत राहिले.

गोष्ट मिलमध्ये पसरायला वेळ लागला नाही. ज्या जॉबरला टोपी दिसत नाही, त्याच्या साच्याखाली कोण शिरणार? तोंडावर कोणी बोललं नाही. फक्त बाबांच्या लायनीत माणसं साच्याखाली जाताना शेजाऱ्याला दांड्यापाशी उभं करून जायला लागली. बाबा ते बघत होते. दोन महिन्यांत त्यांनी स्वतःहून काम सोडलं. दादाला मिलने फिटरचं काम काढून स्टोअरमध्ये बसवलं. तो बाबांशी बोलायचा, पण पाठ करून. ओठ वाचणाऱ्या माणसाशी पाठ करून बोलणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. बाबांना तर सगळ्यांत जास्त.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी सकाळपासून चाळीत पताका लागल्या होत्या, पेढे वाटले जात होते. दादाने उजव्या हाताने पुडा उघडला आणि मला पेढा दिला. तो माझ्यासमोर बसला होता, त्याची पाठ नेहमीप्रमाणे खिडकीतल्या बाबांकडे. सगळे इतके आनंदात होते की मला वाटलं, आज सांगितलं तर चालेल. आजच सांगावं. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी ती टोपी..."

खिडकीत बाबा उठून उभे राहिले. त्यांनी माझे ओठ वाचले होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटांची फुली केली.

मी थांबले.

"टोपयेचा काय?" दादाने विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "पेढो खा."

बाबांनी हात खाली घेतले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, दादा त्याहून थोडी जास्त. मी तो विषय पुन्हा काढला नाही. आता दोघंही नाहीत आणि मला थांबवणारं कोणी उरलं नाही. बाबांना टोपी दिसली होती, दादा. ती त्यांनी माझ्या सांगण्यावरून काढली.