गज आतून की बाहेरून

आमच्या खिडकीला वाळवी लागली होती, हे खरं आहे. ते आधीच सांगतो, कारण आजवर मी सगळ्यांना तेवढंच सांगत आलो.

हिंगोलीतलं आमचं घर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीत कंडक्टर असताना बांधलं. रस्त्याकडच्या खोलीची खिडकी समोरच्या मिस्त्रीचाचांच्या हातची. सागवानी चौकट, बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा आणि आतल्या अंगाला चौकटीत बसवलेले लोखंडी गज. दादांना लकवा झाल्यावर त्यांची खाट त्या खिडकीला लावली. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. डाव्या हातात स्टीलचा पेला धरून ते गजावर वाजवत. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नोकरीभर बसमधली दोरी ओढून हेच केलेलं.

मी आणि बायको दोघंही नर्सीकडच्या शाळांत शिकवतो. दहाला निघतो, साडेपाचला येतो. मधला सगळा वेळ घर त्या पेल्यावर आणि समोरच्या टिनाच्या शेडमधल्या चाचांवर चालायचं. ठोका ऐकला की चाचा रंधा खाली ठेवून, आमची दुसरी किल्ली घेऊन यायचे.

"बोला कंडक्टर साहेब, कुठलं तिकीट फाडू?"

दादांचं अर्धं तोंड हसायचं.

मला तो आवाज सोसेनासा झाला. आम्ही घरी असलो की ठोके वाढत. वह्या तपासत असताना ठोका पडे. जावं तर पाणी नको, काही नको, नुसते बघत राहत. आणि गल्लीभर ऐकू जाई. चहाच्या टपरीवर एकानं हसत म्हटलं, "सर, आज तुमच्या गाडीला लई घंट्या पडल्या. पॅसेंजर उपाशी हाय का काय?" त्या संध्याकाळी मी दादांच्या हातातला पेला काढून प्लास्टिकचा दिला. दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच्या घरचा स्टीलचा पेला आणून ठेवला.

पुढे चौकटीतून माती गळायला लागली. खिडकीच बदलू, मी म्हणालो. चाचांनी पटाशीच्या टोकानं टोचून पाहिलं.

"सर, खालचीच पट्टी खाल्लीय. वरचं लाकूड अजून लोखंड हाय. तेवढा तुकडा बदलून देतो. काहून अख्खी खिडकी काढून राहिले?"

"परत लागेल, चाचा. आता लाकूड नकोच म्हणतो."

"मंग लोखंडी चौकट घ्या, रंग देत राहा. कायबी घ्या, पर गज आतून ठेवा. साहेबाचा हात पुरला पायजे."

"बघतो."

"लाकडाचा जमाना गेला म्हणून म्हाताऱ्यालाबी उतरवता काय गाडीतून?" ते हसले. मीही हसलो.

दुकानात बायकोनं तरी सागवानाचा भाव विचारला. तो ऐकून आम्ही तो विषय सोडला. लोखंड गंजतं, अॅल्युमिनियम उन्हात तापतं, असं दुकानदार म्हणाला आणि त्यानं यूपीव्हीसी दाखवलं. पांढरंशुभ्र, प्लास्टिकसारखं पण जाड. वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही. टेबलावर हातभर उंचीची नमुन्याची पेटी होती, तिला तसलीच छोटी खिडकी. त्यानं आत मोबाइलवर गाणं लावून ठेवलं आणि काच सरकवली. गाणं बंद झाल्यासारखं झालं.

"मॅडम, हळदीचे ट्रक जाऊ द्या न्हाईतर वरात जाऊ द्या, पत्ताच लागणार न्हाई."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे बघत होतो. आत मोबाइलचा पडदा हलत होता. मला ट्रक आठवले नाहीत, पेला आठवला.

"हेच द्या," मी म्हणालो.

बसवणाऱ्यानं विचारलं, ग्रिल आतून की बाहेरून? मी म्हणालो, सगळे लावतात तसं. त्यानं ग्रिल बाहेरून लावलं. आतल्या बाजूला काचा आणि डासांची जाळी आली. दादांनी पेला उचलून चौकटीवर मारला, तर नुसतं थप्प झालं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"निदान काच उघडी ठेवून जात जा," चाचा म्हणाले. थोडे दिवस ठेवली. मग धूळ येते म्हणून लावायला लागलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी वावटळ सुटली होती. काच मी माझ्या हातानं सरकवली, खटकाही लावला.

साडेपाचला कुलूप उघडलं तेव्हा दादा खाट आणि भिंतीच्या मधे पडलेले होते. ओठ वाळलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. पेला हातातच होता. चौकटीच्या खालच्या कडेवर आणि गिलाव्यावर पेल्याच्या काठाच्या खुणा होत्या, नखं उमटावीत तशा. बऱ्याच होत्या.

माझी हाक ऐकून चाचा धावत आले. दादांना उचलताना म्हणाले, "दिवसभर लाइट नव्हती, सर. मशीन बंद होतं. मी समोर बसूनच होतो."

नांदेडला ऑपरेशन करून परत आणलं. जुने गज चाचांनी शेडमध्ये जपून ठेवले होते. खाटेकडच्या काचा आणि जाळी काढून त्यांनी ते आतून बसवले. मजुरी विचारली तर ऐकलंच नाही असं केलं. मग बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"कंडक्टर साहेब, मारा घंटी. गाडी उभी हाय."

मी पेला दादांच्या हातात दिला. त्यांनी तो हळूच स्टुलावर पालथा ठेवला.

त्यानंतर ते महिनाभर जगले. मी रजा काढून घरीच होतो, पेला हाताशीच ठेवायचो. त्या महिन्यात एकही ठोका पडला नाही. ती काच मी का निवडली हे बायकोशी कधी बोललो नाही.

शाळेत कुणी घर बांधायला काढलं की मला विचारतात, सर, चौकट कशाची घ्यावी. मी सांगतो, वाळवी लागत नाही, रंग लागत नाही. परवा एकानं विचारलं, आवाजाचं म्हणतात ते खरं आहे का?

खरं आहे, म्हणालो.